डेल्टा म्हणायला लागणारा वेळ

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी जळगावला होतो. उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचं काम सुरू होतं. त्या दालनात मोबाइल नेता येत नाही, बाहेरच्या टेबलावर बंद करून ठेवावा लागतो. साडेदहाच्या सुमारास चहासाठी बाहेर आलो, मोबाइल सुरू केला, तर वहिनींचे सात फोन येऊन गेलेले. मी परत लावला. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. आंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं, ते तसंच आहे." मग कुणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला आणि मला सगळं नीट सांगितलं. छातीत दुखायला लागलं, रिक्षा बोलावली, दवाखान्याच्या पायऱ्या चढण्याआधीच... मी हो हो म्हणत ऐकत होतो, पण डोक्यात बादलीतलं ते पाणीच राहिलं होतं.

जळगावहून धुळ्याला येणारी बस एरंडोल, पारोळा करत येते. मे महिना, दुपारची वेळ, खिडकीतून नुसत्या झळा येत होत्या. खिशात मोबाइल सारखा थरथरत होता. विद्यार्थ्यांचे मेसेज होते, आमच्या कॉलेजचे आणि ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशा कितीतरी मुलामुलींचे. सर, बोरसे सरांबद्दल ऐकलं ते खरं आहे का, एवढंच जो तो विचारत होता. पारोळा मागे पडेपर्यंत मी एकालाही उत्तर दिलं नाही. "खरं आहे" हे दोन शब्द टाइप करायचे होते, पण ते मी टाइप केले की ते खरं होणार होतं.

प्राध्यापक दिगंबर बोरसे धुळ्याच्या देवपूर भागातल्या आमच्या कॉलेजात गणित शिकवत. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या बी.एस्सी.च्या मुलांना गेल्या काही वर्षांत त्यांचा चेहरा माहीत झाला तो त्यांच्या व्हिडिओंमुळे. हिरवा फळा, बाजूला उभे असलेले सडपातळ सर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि मोत्यासारखं अक्षर. माझ्यासाठी तो दिगू होता. पस्तीसेक वर्षांची मैत्री. छप्पन्न हे काही जायचं वय नाही.

आमची गाठ पडली एम.एस्सी.च्या पहिल्या दिवशी, जळगावला. सरांनी एकेकाला उभं करून नाव आणि गाव सांगायला लावलं. दिगूची पाळी आली. तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि आवाजच येईना. मानेच्या शिरा फुगल्या, डोळे मिटले गेले, ओठ नुसते थरथरत राहिले. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आदल्या संध्याकाळीच आम्हाला वसतिगृहात एक खोली मिळाली होती, त्यामुळे मला नाव ठाऊक होतं. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "दिगंबर बोरसे, पारोळा." सर म्हणाले, बरं, बसा. तो बसला. एक चांगलं काम केलं असं वाटून मी दिवसभर स्वतःवर खूष होतो. पुढची तीस वर्षं मी हेच काम करत राहिलो आणि तितकाच खूष होत राहिलो.

दिगू लहानपणापासून तोतरा होता. काही अक्षरं त्याला अडवत. क, प, द, ड ही तर फारच. गावात शाळेतली पोरं त्याची नक्कल करत, म्हणून तो मोजकं बोलायला शिकला आणि अडणारे शब्द चुकवायला शिकला. पाणी हवं असलं की "जरा तो तांब्या" म्हणायचा. त्याला कॉफी फार आवडायची, पण हॉटेलात "कॉफी" हा शब्द यायचाच नाही, मग तो चहा मागवायचा आणि नावडता चहा निमूटपणे प्यायचा. हे मला दोन वर्षांनी कळलं. कळल्यावर मीच त्याच्यासाठी कॉफी सांगू लागलो. बसच्या तिकिटाच्या वेळी मी बोलायचो, कार्यालयात कारकुनाशी मी बोलायचो. तो वाक्य सुरू करायचा, मध्येच अडायचा, आणि मी पुढचं पुरं करून टाकायचो. तो मान हलवायचा. कधी कधी मी पुरं केलेलं वाक्य त्याला म्हणायचं होतं त्याहून वेगळं असायचं. तरी तो मान हलवायचा.

गणितात मात्र तो आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. कॉलेजातल्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी समोरच्या मंडळींनी दोन प्रश्न विचारले, दोन्हींना याच्या तोंडून उत्तर बाहेर पडेना. तेव्हा त्याने उठून खडू घेतला आणि वीस मिनिटं फळ्यावर एक सिद्धता मांडली, मधूनमधून एखादाच शब्द बोलत. खाली उतरला तेव्हा कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की इतकं स्वच्छ मांडलेलं गणित त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मी त्याच्या वर्षभर आधी त्याच कॉलेजात लागलो होतो. असे आम्ही दोघं देवपुरात आलो, जवळजवळच्या गल्ल्यांमध्ये घरं केली, संसार थाटले.

पण मुलाखतीतली वीस मिनिटं वेगळी आणि रोजचा वर्ग वेगळा. रिअल अ‍ॅनालिसिस नावाचा विषय तो शिकवायचा. त्यात एप्सिलॉन आणि डेल्टा ही दोन अक्षरं पावलोपावली येतात. बाकीचे शब्द चुकवता येतात, डेल्टा कसा चुकवणार? तो अडायचा आणि मागून कुणीतरी खालच्या आवाजात ड-ड-ड सुरू करायचं. तो पाठ फिरवून फळ्यावर लिहीत राहायचा. हुशार मुलं त्याच्याकडे तासानंतर जायची आणि तृप्त होऊन यायची, पण ती चार-पाचच. बाकीचे गैरहजर राहायला लागले. मी शेजारच्या वर्गात असायचो. मला ते हसणं ऐकू यायचं, आणि मी माझा आवाज चढवायचो.

मग मी विभागप्रमुख झालो. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी विद्यार्थ्यांचा लेखी अर्ज आला, बऱ्याच सह्यांचा. बोरसे सरांचं शिकवणं समजत नाही, वेळ वाया जातो, दुसरे सर द्या. प्राचार्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला आणि सांगितलं की वर जायच्या आत तुमच्या पातळीवर मिटवा. मला मिटवायचे दोन मार्ग होते. मुलांना बसवून बोलायचं, हा एक. मी दुसरा घेतला. नव्या वेळापत्रकात दिगूचे सगळे तास काढले आणि त्याला प्रात्यक्षिकं दिली, तिथे बोलावं कमी लागतं म्हणून. कागद त्याच्या हातात देताना मी म्हणालो की यंदा तुझ्यावरचा भार थोडा कमी केलाय. त्याने वरून खालपर्यंत वेळापत्रक वाचलं. मग पुन्हा वाचलं. "बरं," म्हणाला. अर्जाचं त्याला आधीच कळलं होतं, हे मला नंतर वहिनींकडून समजलं. त्या दिवशी घरी गेल्यावर तो जेवला होता, संध्याकाळी भाजी आणायला गेला होता, सगळं रोजच्यासारखं. फक्त तासाच्या टिपणांच्या वह्या त्याने कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या आणि खणाला कुलूप लावलं. त्या खणाला त्याआधी कधी कुलूप नव्हतं.

चार वर्षं अशीच गेली. मग टाळेबंदी आली. कॉलेज बंद झालं आणि प्रत्येक प्राध्यापकाने आपापल्या विषयाचे व्हिडिओ करून मुलांना पाठवावेत असा निरोप आला. दिगूला यातून वगळायचं हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. त्याला तसं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मी करतो. कुठला विषय, विचारलं, तर म्हणाला रिअल अ‍ॅनालिसिस. मी बरं म्हणून फोन ठेवला.

मधल्या खोलीत त्याने फळा लावला. समोर टेबल, टेबलावर गव्हाच्या पिठाचा डबा, डब्यावर रबराने बांधलेला मोबाइल. पहिला व्हिडिओ त्याने मला पाठवला तो पाऊण तासाचा होता. त्याआधी त्याने तो मुलांच्या ग्रुपवर टाकूनही दिला होता. मी पाहायला बसलो आणि दहा मिनिटांत मला घाम फुटला. एकेका शब्दापाशी तो किती थांबत होता! वर्गात निदान हसणारे नंतर विसरून जातात, इथे ते कायमचं राहणार होतं, कुणीही त्याचे तुकडे करून फिरवले असते. मी लगेच फोन करून सांगितलं की यापुढचे व्हिडिओ आधी माझ्याकडे पाठव, मी नीट करून देतो.

मी मोबाइलवर व्हिडिओ कापायचं शिकलो. दिवसदिवस बसून त्याचं प्रत्येक अडखळणं शोधायचं, दोन्ही बाजूंनी कापायचं आणि टोकं जुळवायची. पाऊण तासाचा व्हिडिओ पंचवीस मिनिटांवर यायचा. कापून झाल्यावर जो माणूस पडद्यावर उभा राहायचा तो न अडता, न थांबता बोलायचा. पहिला असा व्हिडिओ त्याला पाठवला. वहिनींनी सांगितलं, दिगूने तो तीन वेळा पाहिला. मग गावी राहणाऱ्या आईला फोन लावला आणि मोबाइलजवळ धरून तिला ऐकवला. म्हातारीला कमी दिसायचं, पण कान शाबूत होते. तिने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "हाऊ कोन बोली राहिना?" हे कोण बोलतंय... तिने आपल्या मुलाचा आवाज ओळखलाच नाही. वहिनींनी मला हे हसत सांगितलं आणि मीही हसलो. दिगू त्या वेळी काय म्हणाला, हे मी विचारलं नाही.

व्हिडिओ फिरू लागले. एका कॉलेजच्या मुलांनी दुसऱ्या कॉलेजच्या मुलांना पाठवले, पाचोऱ्याहून, शहाद्याहून मुलं विचारू लागली की पुढचा भाग कधी येणार. ज्यांनी त्याला कधी प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं, ती मुलं लिहायची की सर, इतकं सोपं करून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. वेळापत्रकाचं जे ओझं मनावर होतं ते या कापाकापीने उतरतंय असं वाटायचं. त्याबद्दल त्याच्याशी बोलायची आता गरज नाही, हेही मी परस्पर ठरवून टाकलं.

निर्बंध थोडे सैल झाल्यावर एका रविवारी सकाळी मी त्याच्याकडे बसलो होतो. एका मुलीचा फोन आला. सुनंदा तिचं नाव, आमच्याच कॉलेजची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात घरी अडकलेली. दिगूने सवयीप्रमाणे फोन सर्वांना ऐकू येईल असा करून मधे ठेवला, म्हणजे उत्तर मी देईन. ती आधी अगदी पुस्तकी मराठीत बोलत होती. म्हणाली, सर, तुमचा पहिला व्हिडिओ मी पाच-सहा वेळा पाहिला, नंतरचे मला तितकेसे कळत नाहीत. मी म्हणालो, अगं, नंतरचे तर जास्त चांगले झालेत, मी स्वतः पाहिलेत. ती गडबडली. बोलता बोलता घरच्या भाषेवर आली आणि मग तिला काय म्हणायचं होतं ते धडाधड बाहेर आलं. "पह्यल्या व्हिडिओमा सर आडकतस ना, तव्हय पुढलं काय शे ते मी आधीच काढीसन ठेवस. कव्हय कव्हय बराबर येस. आते सर आडकतंच नहीत, मंग माले इचार कराले येळच भेटत नही."

सर अडतात तेव्हा पुढची पायरी काय असेल ते ती स्वतः काढून पाहायची. त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडेपर्यंत तिला विचार करायला वेळ मिळायचा. आता ते अडतच नाहीत, तर तो वेळही गेला. एवढंच तिचं म्हणणं होतं. व्हिडिओ हाताने थांबवता येतो, असं मी तिला सांगायला लागलो, तोच दिगूने हात वर करून मला थांबवलं. आणि तो स्वतः बोलला. पुष्कळ वेळ घेऊन त्याने तिला विचारलं की कुठल्या पायरीला तिचं बरोबर आलं होतं. तिने सांगितलं. तो तिच्याशी वीस मिनिटं बोलला. फोनवर इतका वेळ बोलताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

फोन ठेवल्यावर म्हणाला, यापुढे कापू नकोस. मी त्याला समजावलं. एकीला असं वाटतं, बाकी सगळे नावाजतात, शिवाय लोक टिंगल करतील. त्याने ऐकून घेतलं. मग जे बोलला ते मी इथे सलग लिहितोय, त्याने ते सलग म्हटलं नव्हतं, त्याला खूप वेळ लागला होता आणि त्यात एकदा मी मध्ये बोलायला गेलो तेव्हा तो पुन्हा पहिल्यापासून म्हणाला होता.

"मधू, तू माझं वाक्य नेहमी पुरं करतोस. चांगल्या मनाने करतोस, मला ठाऊक आहे. पण मला ते पुरं करायचं असतं रे."

त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. मला राग आला. महिनोन्‌महिने बसून केलेलं काम कुणीतरी हाताने बाजूला सारावं, तसं वाटलं. मी म्हणालो, "वर्गात पुरं करता आलं असतं, तर ही वेळच आली नसती."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. उठून आत गेला, माझ्यासाठी पाण्याचा पेला भरून आणला आणि समोर ठेवला. मी ते पाणी न पिताच निघालो.

चार महिने आम्ही बोललो नाही. एका गल्लीच्या अंतरावर राहून. तो व्हिडिओ टाकत राहिला, जसे व्हायचे तसेच, न कापता. मी ते पाहिले नाहीत. कुणी काही बोललं की कानावर यायचं, टिंगल करणारे काही निघालेच, पण मुलांनीच त्यांना गप्प केलं असंही ऐकलं. कॉलेज पुन्हा उघडलं त्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला, एक कप चहा आणि एक कप कॉफी घेऊन. चहा माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसला. पोरांच्या परीक्षा, वहिनींच्या गुडघ्याचं दुखणं, असं इकडचं तिकडचं बोललो. मी माझं ते वाक्य मागे घेतलं नाही. त्यानेही कधी ते काढलं नाही.

तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक करायची वेळ आली तेव्हा सुनंदा आणि तिच्याबरोबरच्या सात-आठ मुली माझ्याकडे आल्या. रिअल अ‍ॅनालिसिस बोरसे सरांकडे द्या म्हणाल्या. मी त्याचं नाव लिहिलं. वेळापत्रक हातात पडल्यावर त्याने त्याची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. संध्याकाळी घरी जाईपर्यंत ती तिथेच होती, वरून दिसत होती.

पुढे एकदा मी त्याच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा राहून ऐकलं. त्याला कळू न देता. एक सिद्धता चालली होती. मधेच तो अडला. मला वाटलं आता हसू येईल. वर्ग शांत होता. डोकी वह्यांमध्ये, पेनं चाललेली. पाच-सात सेकंद गेले असतील. पुढच्या बाकावरून एका मुलीने हळूच पुढची पायरी सांगितली. त्याने मान डोलावली, पण तिच्यावर सोडलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, डेल्टा हा शब्द स्वतःच्या तोंडाने पुरता म्हटला आणि मगच फळ्याकडे वळला. मुलं थांबली होती. त्यांना थांबायची सवय झाली होती. मला ती तीस वर्षांत झाली नाही, हे त्या व्हरांड्यात मला कळलं. तेव्हाच आत जाऊन, निदान तास संपल्यावर, त्याला काही सांगता आलं असतं. मला तास होता. मी निघून आलो.

त्याची आणि माझी शेवटची भेट एप्रिलअखेर झाली. कॉलेजच्या आवारात सायकली लावतात तिथे कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत उभे होतो. नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे त्याने सगळे व्हिडिओ पुन्हा करायला घेतले होते आणि शेवटचे दोन-तीनच उरले होते. म्हणाला, एकदा येऊन बस ना, मी करताना. मी विचारलं, काही मदत हवी का? नाही म्हणाला. "काही करायचं नाही. नुसतं बस."

मी रविवारी नक्की येतो म्हणालो. त्या आठवड्यात जळगावच्या तपासणीचं पत्र आलं आणि मी शनिवारीच निघालो. त्याला मेसेज केला. "चालेल. पुढच्या रविवारी ये," असं त्याचं उत्तर आलं. बुधवारी वहिनींचा फोन आला.

मी धुळ्याला पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. माझ्यासाठी थांबले होते. अंगणात आणि रस्त्यावर इतकी मुलंमुली होती की रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडावी लागली. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. स्मशानात दोन शब्द बोला म्हणून लोकांनी मला पुढे केलं. त्याच्या वतीने बोलायची मला आयुष्यभराची सवय, पण मी उभा राहिलो आणि मला एक अक्षर फुटलं नाही. हात जोडून मागे आलो.

तेराव्याला सुनंदा आली. आता ती पाचोऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. चाळीसगावला गाडी बदलून आली होती, उन्हाने चेहरा लाल झालेला. वहिनींजवळ बराच वेळ बसली. निघताना माझ्याकडे आली आणि तिने मोबाइलवर सरांचा शेवटचा व्हिडिओ काढून दाखवला. सोमवारचा, जाण्याच्या दोन दिवस आधीचा. एका प्रमेयाची सिद्धता अर्धी झाली आहे, वेळ संपली म्हणून तो म्हणतो की उरलेली पुढच्या भागात. व्हिडिओ तिथेच संपतो. त्याखाली मुलांनी उरलेली सिद्धता लिहायला सुरुवात केली होती. कुणी वहीच्या पानाचा फोटो लावला होता, कुणी टाइप करून, कुणी पहिल्या दोन ओळींतच चुकलेला, कुणी सरांनी कधीच केली नसती अशा आडवाटेने जाऊन बरोबर पोहोचलेला. रोज नवी भर पडत होती. सुनंदा म्हणाली, सर, हे कुणीतरी तपासायला पाहिजे. मी बघतो म्हणालो.

म्हणून त्यानंतर मी रोज सकाळी दहाच्या पुढे त्यांच्या घरी जायला लागलो. हे घरी बसूनही करता आलं असतं. पण वहिनी एकट्या असतात आणि मला त्या मधल्या खोलीत बसावंसं वाटतं. फळ्यावर अर्धी सिद्धता तशीच आहे. मी खुर्चीवर बसतो, मोबाइलवर एकेकाचं लिखाण वाचतो, चूक असेल तिथे दोन ओळी लिहितो. वहिनी दाराशी पाटावर बसतात. त्यांना गणित येत नाही, तरी प्रत्येकाचं नाव विचारतात, गाव विचारतात, आणि बरोबर आहे का तेही विचारतात. मी ते व्हिडिओही सगळे पाहिले. मी न कापलेले, इतकी वर्षं न पाहिलेले, एकामागून एक. ते पाहायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला.

गेल्या आठवड्यात उकाडा फार होता. आभाळ भरून यायचं आणि पडायचं नाही. खोलीत बसून माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी वहिनींना म्हणालो, पंखा लावू का? त्या सहज म्हणाल्या, "साडेअकरा वाजू द्या, भाऊजी." मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. साडेदहा ते साडेअकरा ही दिगूची रेकॉर्डिंगची वेळ. पंख्याचा आवाज व्हिडिओत येतो म्हणून तो बंद. शिटी येते म्हणून कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, दारावरची भाजीवाली आली तर खुणेने परत पाठवायची. तो एक तास त्या पाटावर बसून भाजी निवडायच्या. रोज. कॉलेज उघडल्यावर दर सुट्टीला. एवढी वर्षं. सांगता सांगता त्या थांबल्या. आपण आत्ता काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

मी बटणाकडे गेलेला हात मागे घेतला. घड्याळात अकराला दहा कमी होते. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली, रस्त्यावरून एक रिक्षा गेली. आम्ही दोघं घाम पुसत बसून राहिलो, तो फळ्यापाशी असल्यासारखे, काही न बोलता. साडेअकरा झाले तेव्हा वहिनी उठल्या, पंखा लावला आणि आत जाऊन भात टाकला.